परत येण्याचा पुरावा

अर्जात विचारलंय : प्रवासाचा उद्देश.
पुढे चौकोन. पर्यटन, व्यवसाय, शिक्षण, नातेवाइकांची भेट.
मी तन्वीरला म्हटलं, घड्याळ बघायला चाललोय,
त्याचा चौकोन कुठाय?
त्यानं पर्यटनावर फुली मारली.
झेरॉक्सवाल्यांना सगळ्या जगाची उत्तरं पाठ असतात.

प्रागच्या चौकातलं घड्याळ, सहाशे वर्षांचं.
मालन म्हणाली, "घड्याळासाठी एवढ्या लांब?
दुकानात दीडशे लटकलीत, निम्मी बंद."
मग तिनंच माझा स्वेटर उन्हात टाकला.

फोटोवाला म्हणाला, हसू नका, कान दिसू द्या.
चाळीस वर्षं उजव्या डोळ्यात भिंग धरून बसलोय,
डोळ्याभोवती गोल वळ पडलाय.
"काका, हा पुसून टाकू?"
म्हटलं, राहू दे. ओळख पटवायचीये ना.

मग कागद.
लाइट बिल वडिलांच्या नावावर.
वडील जाऊन सत्तावीस वर्षं झाली,
त्यांचं बिल महिन्याच्या महिन्याला येतं
आणि कधी थकलेलं नाही.
बँकेचे सहा महिने. त्यात एकदाच मोठी रक्कम, भिशी लागली तेव्हाची.
भिशीला इंग्रजीत काय म्हणायचं
यात एक अख्खी दुपार गेली.

मालकाचं रजा मंजुरीचं पत्र हवं.
दुकान माझंच, मंडईमागच्या बोळात,
मी आत बसलो की गिऱ्हाईक बाहेर उभं राहतं.
तेव्हा मीच मला अर्ज लिहिला :
बारा दिवसांची रजा मिळावी, ही विनंती.
एक रात्र अडवून धरला. बाराव्या दिवसाचं कारण पटत नव्हतं.
सकाळी शिक्का मारला.

सगळ्यात शेवटी ती ओळ :
आपण मायदेशी परत याल, याचा पुरावा.
घर भाड्याचं. मूल नाही. पेन्शन नाही.
तन्वीर पेन चावत बसला.
मी म्हटलं, थांब जरा.

काउंटरखाली पत्र्याचा डबा आहे.
त्यात गोखलेनगरच्या पाटसकरबाईंच्या मिस्टरांचं एचएमटी :
"चालू नका करू, फक्त काच बदला."
त्यात इनामदारांच्या थोरल्याचं, लग्नात मिळालेलं,
रोज चार मिनिटं पुढे पळतं,
त्या दोघांत घाई कुणाला आहे कळत नाही.
एका कंडक्टरचं, पाणी गेलेलं.
आणि एक, कधीपासून पडून, चिठ्ठीवर नाव नाही,
माझ्याच अक्षरात नुसतं : उद्या.

सतरा घड्याळं, सतरा पावत्या.
झेरॉक्स नाही, मूळ पावत्याच जोडल्या. वर लिहिलं,
साहेब, या माणसांना मी तारीख दिलेली आहे.
तन्वीरनं त्याचं इंग्रजी केलं. मराठीत बरं वाटत होतं.

विमाननगरच्या काचेच्या इमारतीत
किल्ल्यांना लावलेला बारका स्क्रूड्रायव्हर दारातच काढून घेतला.
आत भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे.
मी शिपायाला सांगितलं. तो म्हणाला, टोकन नंबर बघा.
ठसे घेताना अंगठा उमटेना.
पेट्रोलनं, चिमट्यानं, इतक्या वर्षांत रेषा झिजल्या असतील.
"काका, पुन्हा. दाबून."
दाबून कसं? हाताला सवय हलकं धरायची.
पाचव्यांदा हिरवा दिवा लागला.
मुलीनं सुस्कारा टाकला, मी टाकला,
मागच्या रांगेनंही.

एकोणीस दिवसांनी पाकीट आलं.
व्हिसा आहे. बारा दिवस.
मालननं पासपोर्ट देवापुढे ठेवला, मग उचलून
ज्वारीच्या डब्यात, कारण देवापुढे उंदीर फिरतात.

मी पावत्या मोजल्या. सोळा.
पुन्हा मोजल्या. पाकीट उलटं करून झटकलं.
ती 'उद्या' लिहिलेली तेवढी नाही.

त्या रात्री दुकान उशिरा बंद केलं.
डब्यातून ते घड्याळ काढलं, उघडलं, फुंकर मारली, चावी दिली.
चालतंय.
गिऱ्हाइकाचा चेहरा काही केल्या आठवत नाही.