पंधरा किलो

बागडोगऱ्याला काट्यावर माझी बॅग भरली साडेबारा
आणि धुरूबाईंची सतरा.
मग तिथेच, रांग अडवून, फरशीवर उघडल्या बॅगा.
त्यांचा चहा माझ्यात आला,
जागा करायला काढलेली माझी शाल
त्यांच्या खांद्यावर गेली.
मागचा माणूस बंगालीत काहीतरी बोलला.
आम्ही हसलो.

शेवटचे दोन दिवस टूर अशीच संपत जाते, वजनात.
बसमध्ये भेंड्या बंद पडतात,
‘ठ’ आला की जो तो खिडकीबाहेर बघतो.
कोठारे उरलेले पैसे मोजतात, तळपदे गोळ्या,
आणि डबीत बघून सांगतात घर किती लांब आहे.
पहाटे तीनला उठवून टायगर हिलवर नेलं,
सूर्य आलाच नाही.
प्रणित म्हणाला, ढगांची हमी कंपनी घेत नाही.
शेवटच्या रात्री श्रीखंड-पुरी, आणि एक फॉर्म:
जेवण कसं होतं, बस कशी होती,
सहप्रवासी: उत्तम, बरे, सुधारणेस वाव.
धुरूबाईंनी माझ्यादेखत
‘सुधारणेस वाव’वर खूण केली
आणि चष्मा काढून पुसत बसल्या.
बराच वेळ.

मी सतरा नंबर. त्या अठरा.
प्रणित नावं घ्यायचा नाही, बसमध्ये नंबर म्हणवायचा.
बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात
लोकांचे नंबर लोकांना जोडून दिले मी,
मला नंबर मिळाला तो आता.
पंधरा. सोळा. श्वास घेऊन तयार.
सतरा!
आणि लगेच कानाशी, घोगरं, अठरा.
एकदा नामचीला त्या मागे राहिल्या, देवळाबाहेर चप्पल शोधत,
तेव्हा सतरानंतर बसमध्ये जी शांतता पडली
ती मी ओळखली.
लाइन डेड असते तेव्हाची.

मुंबईत पट्ट्यापाशी कुणी कुणाला मोजलं नाही.
बॅग आली की माणूस गेला.
हो, उतरलो. हो, खालीच ये. नाही, जेवलोय.
तळपदे म्हणाले, गेट-टुगेदर करू, दादरला, लवकरच.
चौतिसातले सात-आठ उरलो होतो,
आम्ही जोरात माना हलवल्या.
धुरूबाईंचा जावई गाडी भलत्याच बाजूला लावून उभा,
पोलीस शिट्टी मारतोय,
त्यात त्या म्हणाल्या, “येते हं,”
आंघोळीला निघाल्यासारख्या.

सहार रोड, हायवे.
घाम परत आला, ओळखीचा.
कलानगरला सिग्नल, मग खाडीचा वास.
टॅक्सीवाल्यानं काच वर केली,
मी माझ्या बाजूची खाली.
माहीम. तिसरा मजला. किल्ली डिसूझांकडे.
“कसं काय झालं?”
“थंडी होती,” मी म्हटलं.
अकरा दिवसांचं एवढंच निघालं तोंडातून.

नळानं आधी लालसर पाणी ओकलं.
फ्रिजमध्ये अर्धं लिंबू, खडा झालेलं.
दूधवाल्याला सांगितलं, उद्यापासून.
“किती?”
“नेहमीचंच. अर्धा.”

मग बॅग उघडली.
वर माझे मोजे, तिकिटाचे चिटोरे, लाचुंगचा एक दगड
(कशाला उचलला कुणास ठाऊक),
आणि तळाशी त्यांच्या चहाची पाच पाकिटं,
अर्ध्या अर्ध्या किलोची,
जावयाला, विहीणबाईंना,
बहुतेक अख्ख्या बाभईला पुरतील अशी.
मोजून देऊन विसरल्या. मीही विसरले.
की नाही विसरले?

नंबर आहे माझ्याकडे. त्यांच्याकडे शाल.
माहीम ते बोरिवली.
लाचुंग जवळ वाटावं असलं हे अंतर.
फोन उचलला, ठेवला.
दोघांना जोडून स्वतः बाजूला व्हायची सवय,
हॅलोच्या पुढे काय बोलतात
ते ऐकायला मनाई होती आम्हाला.

असू दे चार दिवस.
कुणाचं तरी काही आपल्याकडे राहिलंय
असं या घरात बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

रात्री दिवा मालवताना ओठांवर आलंच, सतरा.
थांबले थोडी.
स्वयंपाकघरात अडीच किलो चहा,
एकाही पाकिटाचं सील फुटलेलं नाही,
तरी वास येतोय.