दुसऱ्यातून तिसऱ्यात

विश्रामनाना बोरसे गाडीतून उतरले नाहीत.
काच खाली करून म्हणाले,
"दुसरामाईन तिसरामा जातांना
पाठमा कोन्ही गुडघा मारस रे, रऊफ."

मी बॉनेट उघडलं नाही.
आधी विचारलं, सकाळी थंड असताना, की तापल्यावर?
सपाटीला, की चढाला?
पाय जोरात दिल्यावर, की हळूच दाबल्यावर?
नाना बँकेत कॅशियर होते. एकेक उत्तर
नोट उजेडात धरून बघावी तसं दिलं.
तापल्यावर. चढाला. हळू दाबलं तर जास्त.
दिवाळीपासून.
नाही, थांब, दिवाळीच्याही आधीपासून.

एकोणीस वर्षांची गाडी, क्लच नसलेली.
आग्रा रोडवरची पोरं अजून वाकून बघतात,
तिसरं पेडल पडलं कुठं म्हणून.
नानांचा डावा पाय चौथ्या वर्षी पोलिओत वाळला.
त्या पायाच्या वाटचं काम
आतली ही पेटी करत आली,
आणि आता पेटीच लंगडते
असं तोंडावर आलं होतं माझ्या.
गिळलं.

लळिंगच्या घाटाकडं निघालो.
नाना चालवतात, मी बाजूला,
तळवा दांडीवर, डोळे मिटलेले.
पहिला कळलाही नाही.
दुसरा, ठीक.
मग एक रिकामी जागा.
अंधारात जिना उतरताना
अजून एक पायरी आहे समजून
पाऊल टाकावं आणि ती नसावी, तेवढी.
इंजिन एकटंच ओरडत वर पळालं
आणि मग धाड.
किल्ल्याखालच्या वळणावर पुन्हा.
डोळे उघडले तेव्हा मला दिसलं,
धाड व्हायच्या आधीच
नानांच्या डाव्या पायाचा अंगठा
चपलेत आवळला जातो.
काट्याच्या आधी. माझ्या तळव्याच्याही आधी.

परत येऊन, गाडी तापलेली असतानाच
पट्टी ओढली. तेल पुसलं
एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर.
डाळिंबाच्या दाण्यासारखं असायला हवं होतं.
होतं काळ्या मसाल्याच्या रश्श्यासारखं,
आणि वास असा, की फोडणी ठेवून
कोणी फोनवर बोलत बसलंय.

"सम्दं काढी टाक," नाना म्हणाले, "नवं भरी दे."

नाही नाना.
दोंडाईच्याच्या एका डॉक्टरची गाडी
मी अशीच धुऊन काढली होती, आतून बाहेरून,
चार डबे नवं तेल.
आली होती चालत, गेली क्रेनवर.
म्हाताऱ्या पेटीत जे झिजलेलं असतं
ते तेलातच तरंगत राहतं,
आणि त्याच घाणीच्या आधारानं
प्लेटा एकमेकींना धरून असतात.
हे कुठल्या पुस्तकात आहे का, ठाऊक नाही.
मला डॉक्टरच्या तोंडावर वाचावं लागलं.

खालचं पातेलं सोडवलं.
चुंबकावर राखी लव होती, पिठीसारखी बारीक.
बोटांत चोळली. कच लागली नाही.
एक जरी चकाकता तुकडा निघाला असता
तर नानांना चहा पाजून खोटं बोललो असतो.
जाळी धुतली, तेल एक तृतीयांश बदललं.
फागण्यापर्यंत जा-ये करा, म्हटलं,
आठवडाभर, हळूहळू. मग या.

आठवड्यानं आले. पुन्हा तेवढंच काढलं, तेवढंच भरलं.
मग तिसऱ्यांदा.
काल पुन्हा घाटात. मी डोळे उघडे ठेवले,
लक्ष खाली, नानांच्या चपलेवर.
दुसरा. मग तिसरा,
कधी आला ते सुईनंच सांगितलं.

"आते कसं शे, नाना?"
"बरं शे. पन भरोसा नही."

किल्ल्याखालच्या वळणावर
अंगठा तरी आवळलाच.
त्याला अजून कोणी कळवलेलं नाही.
बिल मी अर्धंच लावलंय.