दोन रकाने

सहाला सुमरती कासदेकर फाटकापाशी उभी होती.
वनसमितीचं हिरवं जॅकेट, कानटोपी,
काखेत शंभर पानी वही,
वहीत पट्टीनं आखलेले दोन रकाने :
दिसले. ऐकले.
"बारा वाजेपर्यंत, जी. चहा समितीकडून."

फेब्रुवारीतला मेळघाट. सागाची पानं
पापडासारखी वाळून वाटभर पडलेली,
म्हणजे पायाखाली त्यांचा आवाज होत असणार.
ती पाऊल तिरकं टाकायची. मी नक्कल केली.

ऐनाच्या खोडापाशी तिचं बोट वर गेलं.
"आयकलं? चष्मेवाला."
मी मान हलवली.
पुढं धावड्यात : "नाचण."
मान.
"निखार. जोडी हाय."
मान.

एकतीस वर्षं अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजात
लोकांचे आवाज लोकांना जोडून दिले मी.
त्या नोकरीतली एक सवय अजून शाबूत आहे :
ऐकू आलं नाही तरी 'हं' म्हणायचं.
बारीक, वरच्या पट्टीतलं सगळं गेलं.
ट्रकचा हॉर्न येतो. दारावरची बेल येत नाही.
हे मी सुनेलाही सांगितलेलं नाही,
मग गाईडला कशाला?

नाल्याच्या कोरड्या रेतीत ती थांबली.
"आता हा कोन, सांगा बरं. वळखीचा हाय."
मी डोळे मिटले, जरा जास्तच रंगात येऊन म्हटलं,
"हळद्या ना?"
डोळे उघडले तर ती माझ्याकडंच पाहत होती.
"कोनीच नोतं बोलत, मॅडम.
म्या उगीच इचारलं."

पकडले गेले.
चौसष्टाव्या वर्षी, कोरड्या नाल्यात,
बावीस वर्षांच्या पोरीकडून.
मी हसले. ती नाही हसली.
मग हसली.

त्यानंतर काही न विचारता माझा हात ओढला
आणि तळव्यावर बोट आपटत राहिली,
एकसारखं, कंटाळा न येता : तांबट.
"हा येतो मला," मी म्हटलं.
"मंग याचे पैसे कमी द्या."
नख मनगटाकडं ओढून झर्रकन सोडलं : कोतवाल.
पाची बोटं नुसती सांडली, चणे सांडावेत तशी,
म्हणजे चष्मेवाले, अख्खा थवा,
सकाळपासून आमच्या डोक्यावर होता म्हणे.

चढ संपला तिथून सातपुडा.
कार्बन घालून टाइप केल्यासारखे डोंगर,
पहिली प्रत ठळक, पाचवी जेमतेम.
"थ्या पाचव्याच्या मांगं माह्या मायचं गाव होतं.
उठवलं. आता गवत हाय, गवे चरतात.
माय म्हनते, चिचेचं झाड अजून वळखू येते."
मी दुर्बीण लावली.
पाचव्या डोंगरामागचं दुर्बिणीत येत नाही.
तरी बराच वेळ लावून धरली.
मान मात्र हलवली नाही.

उतरताना, निष्पर्ण सागावर, भर उन्हात
रानपिंगळा.
दीड मुठीचा. अंग तिकडं, तोंड आमच्याकडं,
कचेरीत अवेळी आलेल्याकडं बघतात तसा.
"बोलतोय का?" मी विचारलं.
"नाई. चूप हाय."
"खरंच?"
"खरंच, जी."
मग बराच वेळ आम्हा तिघांना सारखंच ऐकू आलं.

बारा. गुळाचा चहा, कान तुटलेला कप.
सुमरतीनं गुडघ्यावर वही उघडली.
'दिसले'मध्ये एकोणीस नावं भराभर लिहिली.
'ऐकले'मध्ये तांबट. पुढं पेन्सिल चावत बसली.
मग बाकीची अकरा
दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहिली,
एकाखाली एक, रेघ दिसेनाशी होईपर्यंत,
आणि वही सहीसाठी माझ्यापुढं केली.

बस सव्वा बाराची होती.
एकला आली.