इंच आणि मिलिमीटर

दोन्ही मेल एकाच मंगळवारी आल्या.
मी त्या लायब्ररीत छापून आणल्या,
कारण डॅडी पडद्यावरचं काही खरं मानत नाही.

एक गॉलवेची: मास्टर्स, एक वर्ष, फी आपल्या खिशातून,
शेवटी काउंटी कौन्सिलात उमेदवारी,
रबरी बूट, नकाशे, शेतकऱ्यांच्या चिडलेल्या बैठका.
दुसरी डब्लिनची: पीएच.डी., चार वर्षं,
जेमतेम भाड्यापुरता स्टायपेंड
आणि एकच प्रश्न:
उपसलेल्या दलदलीत पाणी परत चढवलं
तर ती श्वास आत घ्यायला कधी लागते?

डॅडीने दोन्ही कागद चष्म्याशिवाय वाचले,
म्हणजे वाचले नाहीत.
"चहा गार होतोय," म्हणाला.

एकतीस उन्हाळे त्याने क्लूनडाराच्या तपकिरी सपाटीवर
यंत्र चालवलं. एका फेरीत पंधरा मिलिमीटर पीट
खरवडायचं, उलटायचं, वाळवायचं,
की चाललं वीजकेंद्राच्या भट्टीत.
माझ्या दातांच्या तारा, शाळेची सहल,
आईचं हॉस्पिटलातलं शेवटचं वर्ष,
सगळं त्या थरातून निघालं.
शेवाळ वर्षाला एक मिलिमीटर चढतं. चढलं तर.
हा हिशेब मी प्रथम मांडला तेव्हा सतराची होते.
आठवडाभर त्याच्याशी धड बोलले नाही.
त्याला वाटलं, कुणा मुलाचं प्रकरण असेल.

सल्ल्यांना काय तोटा.
पेट्रोलपंपावरची कॉन्सेप्टा: "डॉक्टर झालीस
की माझा गुडघा बघशील ना गं?"
कौन्सिलातला फिन्टन: "नाले आत्ता बुजवायला हवेत.
तुझा प्रबंध बांधून येईस्तोवर
निम्मी दलदल हवेत गेलेली असेल."
प्रोफेसर एथ्ना, फोनवर, बराच वेळ गप्प राहून:
"एकाच प्रश्नाशी संसार करावा लागतो.
तो भांडत नाही. पण बोलतही नाही फारसा."

बुधवारी रात्री कागदावर मधोमध रेघ मारली.
डावी बाजू पटापट भरली: पगार, गाडी, उपयोग.
उजवीकडे 'कुतूहल' लिहिलं,
खोडलं,
पुन्हा लिहिलं, बारीक अक्षरात.

गुरुवारी डॅडी म्हणाला, "चल जरा."
बुजवलेल्या सातव्या नाल्यापाशी
जमिनीत रोवलेला पांढरा पाइप, त्यात तो वाकून बघत होता,
हातात आईची शिवणकामाची टेप, टोकाला शिसं बांधलेलं.
"अकरा इंच खाली. गेल्या रविवारी बारा होतं."
"तुला काय माहीत?"
त्याने कोटाच्या आतल्या खिशातून
यंत्राची जुनी नोंदवही काढली.
पुढच्या पानांवर टन, डिझेल, बिघाड.
मागून उलटी सुरू केलेली: तारीख, इंच, वारा.
अडीच वर्षांचे रविवार.
एका रविवारी फक्त 'धुकं. टिटवी.'
एकावर काहीच नाही, तो आईच्या वर्षश्राद्धाच्या मासचा.

"कुणी सांगितलं होतं?"
"कुणी कशाला सांगायला हवं," तो म्हणाला,
"इतकं खाली नेलं मी.
वर येतंय का, ते बघायला नको?"

शुक्रवारी पाचला दहा कमी असताना
गॉलवेला नाही कळवलं.
फिन्टन नाताळपर्यंत बोलला नाही.
त्याचं बरोबर होतं. अजूनही आहे.
नाले थांबत नाहीत, आणि मी चार वर्षं मोजत बसणार,
तेवढ्यात शेवाळ चढेल चार मिलिमीटर,
सगळं नीट झालं तर.

त्या रात्री स्वयंपाकघरात
मी त्याचे इंच मिलिमीटरमध्ये करत बसले.
एक इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार.
तो समोर, चष्मा लावून,
माझी प्रत्येक बेरीज तपासत होता.
दोन चुका काढल्या.