कोट काढायची खोली

पालकसभेला नऊ खुर्च्या मांडल्या होत्या.
थर्मासभर कॉफी, दालचिनीचे पाव,
भिंतीवर स्वागताचा कागद
तीन भाषांत, तिन्हींत चुका.
सहा वाजले. सव्वासहा.
आले फक्त योउको आणि आन्त्ती, आइनोचे दोन बाबा,
जे दर वेळी येतात
आणि बसण्याआधी रिकाम्या खुर्च्या मोजतात.
उरलेले पाव आम्ही पिशवीत भरून घरी नेले.

संचालिका म्हणाली, "लोकांना आस्थाच नाही."
मी मान हलवली.
होकारार्थी की नकारार्थी,
माझं मलाच कळलं नाही.

ओउलूत नोव्हेंबर संपता संपता तीनलाच अंधारतं.
चार वाजता आमच्या बालवाडीत या,
वर्गात नको, कोट काढायच्या खोलीत.
सोळा मुलं, बत्तीस बूट, हातमोजे एकोणतीस.
ओल्या लोकरीचा वास.
आणि फरशीवर उकिडवे, गुडघ्यांवर, मांडी ठोकून
सगळे, सभेला न आलेले सगळे.

तेरही, जिची रात्रपाळी पाचला सुरू होते
आणि बस सोळा वीसला सुटते.
वारसमेची आजी हलीमो,
नातवाच्या पायात मोजा चढवण्याआधी
एकेका बोटाला सोमालीत काहीतरी विचारणारी.
आणि दाराबाहेर, बर्फात,
टोपी हातात धरून, शिलानचा बाप करवान.
तो कधी आत येत नसे.

दोन महिने मी त्याला फॉर्म देत होते.
मुलीला काय आवडतं? कशाची भीती वाटते?
दोन महिने तो फॉर्मची चौघडी करून
आतल्या खिशात ठेवत होता,
आणि सोमवारी परत आणत होता,
कोरा, पण इस्त्री केल्यासारखा.

त्या मंगळवारी बाहेर उणे अठरा,
आणि तेरहीच्या तोइवोची झिप अडकली.
पोटाशी. ना वर, ना खाली.
मी साबण घासला, पेन्सिल घासली,
मनातल्या मनात आजोबांच्या शिव्या घासल्या.
तेरही घड्याळाकडे बघत होती
आणि तोइवो तेरहीकडे.

करवान उंबऱ्यात आला. थांबला.
आधी बूट काढले, सावकाश, एक, मग दुसरा,
भिंतीला नीट लावून ठेवले,
(बस जात होती, तरी कुणी बोललं नाही)
मग गुडघ्यावर बसून
खिशातून मेणाचा खडा काढला.
शिंप्याच्या खिशात मेण असायचंच,
मग तो सुलेमानियात असो की इथे गोदामात खोकी उचलत असो.
दोन दात चोळले, तिसरा जरा दाबला.
झिप अशी वर गेली
जणू तिला कधी काही झालंच नव्हतं.

तेरही त्याचा खांदा थोपटून धावली.
तो तसाच बसून राहिला, आणि मोजक्या फिनिशमध्ये,
शब्द टाके घातल्यासारखे, मला म्हणाला,
"शिलान... झिप... भीती.
हनुवटी. मागच्या वर्षी. रक्त."

म्हणजे फॉर्म भरला गेला होता.
आणि माझ्या फाइलीत, माझ्याच अक्षरात,
सप्टेंबरपासून लिहिलेलं होतं:
'बाहेर जाताना रडते. हट्टी. जुळवून घेत नाही.'

आता थर्मास बुटांच्या फळीवर असतो.
खुर्च्या नाहीत. आन्त्तीला अजून चुकल्यासारखं होतं.
संचालिका याला सभा म्हणत नाही; अहवालात रकाना नाही म्हणते.
हलीमो माझ्याशी अजूनही बोलत नाही,
मी चढवलेला मोजा काढते आणि पुन्हा घालते,
मी बघत असताना, मला दिसेल असा.
हळूहळू शिकतेय मी.

शिलान अजून रडते, पण कमी.
झिप लावताना मी माझं बोट
तिच्या हनुवटीखाली धरते.
चिमटा बसलाच तर
आधी मला बसेल.