एकेचाळीस टक्के

फुलवंताकाकी किसुमूला निघाली तेव्हा
आधी माझ्या दुकानात आली,
संस्थेनं दिलेला तो हातात मावणारा संगणक
नुकतं उबवलेलं पिल्लू आणावं तसा ओंजळीत धरून.
"ह्याले जिवंत कसा ठेवाचा तेवढं सांग.
मी तं राहीन कशीबी."

त्यात आमच्या तलावातल्या बावन्न माशांचे फोटो,
दाडक, बोटरी, वाघूर, शिंगूर,
आणि तिनं बायकांना घेऊन गाळात लावलेली गवतं,
गाद, चिला, चौरा,
जी मी, धीवराचा पोर असून, धड ओळखत नाही.

मी माझी सगळी विद्या बांधून दिली.
वीस हजारांची पॉवर बँक. ती हातातल्या पिशवीत, काकी,
विमानाच्या पोटात गेली तर उघडून काढतील.
नागपूरहून मागवलेली पिन, तीन चौकोनी पायांची,
तिकडच्या भिंतीला तशीच लागते.
वायरी दोन, कारण एक परदेशात मरतेच
(हे ऐकीव. मी रायपूरच्या पुढे गेलेलो नाही).
नकाशा उतरवला. स्वाहिली शब्दकोश उतरवला,
नेट नसलं तरी बोलेल असा.
पडदा मंद ठेवायचा, हे समजावत होतो
तेवढ्यात लाईन गेली.
पंखा सवयीनं दोन फेरे जास्त फिरला.
काकी अंधारात हसली,
"हे कोन शिकवते गा तुले अन् मले?"

खरंच.
चंद्रपूरच्या चिमण्या रात्रंदिवस धुपतात
आणि उन्हाळी धानाला पाणी लागतं तेव्हा
आमचे खांब
नुसते कावळ्यांना बसायला.

नैरोबीच्या विमानतळावर, म्हणे,
भिंतीतल्या एका भोकाभोवती
टाय लावलेली माणसं फरशीवर बसलेली,
गाय व्यायची वाट पाहत बसावं तशी.
काकी बसली नाही.
रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकतो
तसं तिनं यंत्र बंद करून
लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं.
सकाळी उघडायचं. फुंकर. दहा मिनिटं.
काम झालं की परत राख.

तलाव असा की पल्याडचा काठ दिसत नाही,
पण अल्याडचा सगळा जलपर्णीनं गिळलेला,
आपल्याकडं बेशरम गिळते तसा.
तिथं आकिन्यी नावाची बाई, मासे सोलत.
काकीनं शब्दकोश काढला.
शब्दकोश स्वाहिली बोलला.
आकिन्यी लुओ बोलली.
दोघी यंत्राकडं बघून खूप हसल्या.

मग काकीनं मरळीचा फोटो दाखवला,
खाली मरळ, वर लाल पिलांचा झुबका,
राखण करणारी.
आकिन्यीनं टोपलीतला मासा उचलला,
त्याचं तोंड बोटांनी उघडलं,
आत दाखवलं, मग स्वतःच्या गालावर हात ठेवला.
आमची पिलं इथं राहतात. तोंडात.
त्या दिवशी काकीनं दीड तास यंत्र जळू दिलं,
उजेड पुरता चढवून,
बावन्नच्या बावन्न.

परतली तेव्हा बसवरून थेट दुकानात.
पिन टेबलावर ठेवली. दोन्ही वायरी जिवंत.
"पॉवर बँक?"
"आकिन्यीपाशी राह्यली.
तिच्याकडंबी लाईन जाते."
यंत्र उघडून बघितलं. एकेचाळीस टक्के.

पिन खिळ्याला टांगलीय.
पोरं विचारतात कशाची, मी सांगतो, किसुमूची.
इथल्या एकाही भिंतीला ती लागत नाही.

काल म्हटलं, काकी, ती गवतं दाखव ना,
गाद कुठली, चिला कुठला, एकेक करून.
ती स्टुलावर बसली, पदरानं पडदा पुसला.
"दाखवतो. पयले उजेड कमी कर."