हरकती आणि सूचना

नव्वद साली तुझी रेघ मी ओढली होती.
महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, ट्रेसिंगच्या कापडावर,
श्वास रोखून, निळ्या शाईनं.
साहेब म्हणाले, खाली ‘नाला’ लिही.
लिहिलं.
माझं अक्षर चांगलं होतं.

आता सत्तरी उलटली.
दर रविवारी सहाला गमबूट चढवून
तुझ्या काठानं निघतो:
तळजाईच्या उतारापासून कालव्यापर्यंत
साडेतीन किलोमीटर, वाकड्यातिकड्या मापानं.
सतरा ठिकाणी तारा. दोन भिंती.
एका ठिकाणी कुणाचं तरी बॅडमिंटन कोर्ट
तुझ्या पोटावर पाय देऊन उभं.
हिवाळ्यात त्यांची फुलं तुझ्यात पडतात,
पिसांची, पांढरी. तू ती मुठेपर्यंत नेतोस.

आम्हाला तुझ्या काठानं वाट हवी आहे.
पायी जाणाऱ्यांना, सायकलींना, चाकाच्या खुर्चीला,
शाळेच्या पोरांना हायवे न ओलांडता.
निवेदनात एवढंच लिहायचं होतं.

पहिल्या बैठकीत तीन तास गेले.
सायकलवाले म्हणाले, चार मीटर आणि डांबर.
पक्षीवाले म्हणाले, डांबर नको, दिवे तर नकोतच,
खंड्याची झोप मोडते.
हमीदा बागवान म्हणाली, दिवे पाहिजेत.
मी पॅकिंगमधून रात्री दहाला सुटते.
खंड्याला सांगा, डोळे मिटून घे म्हणावं.
कुणीतरी हसलं.
ती हसली नाही.

रत्नप्रभा ओव्हाळ शेवटपर्यंत गप्प.
चपला घालता घालता म्हणाली,
काका, तुमची वाट आमच्या घराशेजारनं जाते
का घरावरनं?
तेवढं कागदावर दाखवा. मग सही.

घरी येऊन गुंडाळी उलगडली.
हिरव्या ठिपक्यांची माझी सुबक वाट
सात खोल्यांच्या मधून गेली होती.
एका खोलीत शिवणयंत्र आहे, मी तिथं चहा प्यायलोय.
नकाशात खोल्या नव्हत्या, म्हणून पेन अडला नाही.
पेन कधीच अडत नाही.

शाई खोडायला आम्ही दाढीचं ब्लेड वापरायचो,
अर्धं मोडून, कापड फाटू न देता.
त्या रात्री बोटांना ते आठवलं.
ठिपके खरवडले, वाट पलीकडच्या काठावर नेली,
एक साकव वाढला, खर्च वाढला,
सायकलवाल्यांचा एक मीटर गेला.
चिडले. दोघं सोडून गेले.
रत्नप्रभानं सही केली, आणि खाली
एकोणतीस जणींच्या.

सुनावणीला क्षेत्रीय कार्यालयात पंखा बंद.
साहेब तरुण, सभ्य. जुना नकाशा पसरून म्हणाले,
आजोबा, इथं तर नाला आहे.
नाल्याला काठ नसतो, हद्द असते.
फिरायला कोण येणार नाल्यावर?

मी चष्मा पुसला.
‘ना’ची काठी तीच, किंचित डावीकडे झुकलेली.
म्हणालो, हे अक्षर माझं आहे.
माझी हरकत या अक्षरावर आहे.

साहेब बराच वेळ नकाशाकडे बघत राहिले.
मग म्हणाले, फॉर्ममध्ये असा रकाना नाही हो.
हमीदा म्हणाली, सूचनांमध्ये लिहून घ्या.

आवक क्रमांक मिळाला. शिक्का पुसट.
कळवतो म्हणाले.
त्यालाही आता दुसरा पावसाळा गेला.

मोजणी आम्ही थांबवलेली नाही.
या रविवारी रत्नप्रभाची धाकटी आली होती, सातवीतली,
टेपचं टोक घेऊन पलीकडच्या काठावर गेली,
घाणेरीत गुडघाभर उभी.
माझ्या हातात वही. नावाचा रकाना
मी अजून कोरा ठेवलाय.
मध्ये पाणी, काळपट, पण चालतं.
टेप सैल पडून मधेच बुडायला लागली,
तशी ती तिकडून ओरडली,
ओढा, काका!
ओढा!

मी लिहून घेतलं.